खळ्यावरचे विंबल्डन

सरू, दहाव्याच्या दिवशी नदीच्या घाटावर तुझ्याविषयी चौघे जण बोलले आणि चौघेही चुकले. प्रवचन संपले आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे माईक या हातातून त्या हातात फिरू लागला. पहिल्याने तुला 'चूल आणि मूल एवढंच जग असलेली माउली' म्हटले. पतसंस्थेच्या चेअरमनांनी तुझ्या-माझ्या नातीचा, मीनलचा, विषय काढला आणि गळा काढून सांगितले की घरात पायात घालायला बूट नव्हते, अशा गरिबीतून ही पोर अमेरिकेच्या कॉलेजात टेनिस खेळायला गेली. तिसऱ्याने त्यावर कळस चढवला. अनवाणी पोर पाहून म्हणे तिथल्या कोचला दया आली. बारमाही विहीर, दोन बैलजोड्या आणि शाळेतली माझी सबंध नोकरी एवढे असलेल्या घराला हे लोक तुझ्या पिंडासमोर दरिद्री ठरवत होते. मी ते सोसले, कारण प्रसंग तुझा होता. पण शेवटी सरपंच उठले.

"आजीला टेनिसमधलं काय कळतंय, मंडळी? पण भोळा जीव! नातीला चेंडू टाकीत बसायची. वेडेवाकडे का व्हयना, टाकायची!"

'वेडेवाकडे' हा शब्द कानी पडला आणि मी उठलो.

"द्या तो माईक इकडे."

"गुरुजी, घरच्यांनी आभार शेवटी मानायचे असत्यात."

"मला आभार मानायचे नाहीत. मला दुरुस्ती करायची आहे."

मागून अशोक माझी बाही ओढत होता. "दादा, बसा ना. लोक उनात बसल्यात." आपल्या मुलाचा स्वभाव तुझ्यावर गेला नाही, हे माझे जुने म्हणणे तुला ठाऊकच आहे. मी त्या माईकवर तीन गोष्टी सांगितल्या. माझ्या घरात बूट होते, पांढरे होते, पुण्याहून आणलेले होते. कोचला दया आली नाही, त्याला हाव सुटली. आणि तिसरी गोष्ट, तू चेंडू वेडेवाकडे टाकले नाहीस, मुद्दाम टाकलेस. मुद्दाम!

पुढे कावळा पहिल्याच हाकेला शिवला. "माउलीचं काय सुदिक मागं राह्यलं नाय," असे सगळे म्हणाले. तेही चूक. एका प्रश्नाचे उत्तर न देता तू गेलीस, आणि तोच प्रश्न मी भर घाटावर तुझ्या वतीने निकालात काढून बसलो होतो. पुरावा माझ्यापाशी काहीही नव्हता.

आता तू म्हणशील, "अवो गुरुजी, इतकी वर्सं तुमीच तर म्हनत व्हता, चुकून पडत्यात म्हनून!" म्हणत होतो. समोर तू होतीस तेव्हा विरुद्ध बाजू कोणी तरी लढवायला हवी होती. आता तू नाहीस, तर तुझी बाजू लढवायला माझ्याइतका तयारीचा माणूस या तालुक्यात दुसरा कोण आहे?

या सगळ्याची सुरुवात टेनिसने झाली नाही, माझ्या इतिहासाने झाली, हे मात्र मी कोणालाही नाकारू देणार नाही. नव्वद सालाच्या पुढच्या त्या काही वर्षांत जुलै आला, की दूरदर्शनवर विंबल्डन लागायचे आणि नेमकी आपली वीज जायची. मग मी ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून आणायचो आणि आपला काळा-पांढरा टीव्ही तिच्यावर चालायचा. शाळेत पोरांना मी सनावळ्या सांगितल्या, पण माझे खरे वर्ग त्या टीव्हीपुढे भरले आणि विद्यार्थिनी तू एकटीच. पायाशी कांद्याची रास, हातात विळी, आणि डोळे पडद्यावर.

मी तुला सांगितले, की अठराशे सत्त्याहत्तर साली ही स्पर्धा सुरू झाली ती कोणा राजाच्या हुकमाने नव्हे. त्या क्लबाचा हिरवळीवर फिरवायचा, तट्टाने ओढायचा रूळ बिघडला होता आणि त्याच्या दुरुस्तीला पैसे हवे होते, म्हणून त्यांनी सामने भरवले.

"म्हंजी रूळ मोडला नसता तर ह्ये काईच झालं नसतं?"

"निदान त्या वर्षी झाले नसते."

"मग ज्यानं मोडला त्याचा फोटू लावलाय का न्हाई त्येंनी भिताडाला?"

मी नोकरीभर इतिहास शिकवला, पण असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पुढे मी सांगितले, की सुरुवातीच्या काळात गेल्या वर्षीचा विजेता आधीच्या फेऱ्या खेळतच नसे. बाकीच्यांनी आपसात झुंजून एक जण वर यायचा आणि विजेत्याने त्या एकाशीच लढायचे. तुझी विळी थांबली.

"जावई हाय का त्यो? समद्यांनी राबायचं आन् ह्यानं जेवायच्या टायमाला पाटावर येऊन टेकायचं?"

"अगं, चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी ती पद्धत बंद झाली."

"लई येळ लावला," एवढे बोलून तू पुन्हा कांद्याकडे वळलीस.

पण तुझे लक्ष खेळाडूंच्या हाताकडे नव्हतेच. ते मला त्या वेळी कळले नाही, आज कळते आहे. मी रॅकेट बघायचो, सर्व्हिस बघायचो. तू जमीन बघायचीस. पहिल्या दिवसाची हिरवळ आणि अंतिम सामन्याची हिरवळ यांतला फरक तूच मला दाखवलास. "बघा, मानूस जितं उबं ऱ्हातं तितलंच गवात मरतं." दोन हजारच्या पुढे दोन-तीन वर्षांनी तू एकदा म्हणालीस, "पयलं त्या मधल्या जाळीपातुर वाट पडायची. आता वाटच पडंना. समदी मागंच उभी ऱ्हात्यात." मी तुला वेड्यात काढले. मग वर्तमानपत्रात वाचले, की तिथे गवताचे बी बदलले आहे, चेंडू उंच उठू लागला आहे, आणि सर्व्हिस करून जाळीकडे धावणारे खेळाडू कमी झाले आहेत. ते कात्रण मी तुला वाचून दाखवले. तू म्हणालीस, "त्येंनी टीवी बघितला आसंल." त्या वेळी मी असा आनंदलो होतो, की ते कात्रण घेऊन पेठेपर्यंत सायकल दामटली आणि चहाच्या टपरीवर चार जणांना ते सक्तीने ऐकवले. तुला हे कधी सांगितले नव्हते.

मीनलच्या हातात रॅकेट आली ती अशोकच्या कंपनीच्या कॉलनीत, पिंपरीला. सुट्टीला आली, की पोर तुझ्या भिंतीवर चेंडू आपटून पोपडे पाडायची. तेव्हा 'तिला खळ्यावर खेळू दे' असे मी म्हणालो, आणि हे वाक्य माझेच आहे. अशोक अलीकडे ते स्वतःच्या नावावर खपवतो. मळणी यंत्रावर आणि ताडपत्रीवर होऊ लागली, गावातली खळी मोडली, पण तू आपले मोडू दिले नाहीस. दर वर्षी माती खणून, पाणी मारून, चोपून, शेणाने सारवून ते तू गुळगुळीत करवून घ्यायचीस. त्याला लागून आणखी जागा धरली आणि कोर्टाचे माप बसले. कांद्याच्या जाळीदार गोण्या उसवून, एकमेकींना शिवून मी नेट केले. चुना धान्यात जाईल म्हणून रेषा तू राखेच्या आखायला लावल्यास. आणि अट एकच घातलीस, जी तू मढहून, माहेराहून, आणली होतीस.

"खळ्यावर पायतान चालायचं न्हाई. मंग ती टेनिसवाली आसू दे न्हायतर इंग्लंडची राणी."

अशी ती अनवाणी खेळू लागली. शेणाच्या जमिनीवर चेंडू फार उसळत नाही, घसरत येतो. गुडघे वाकवल्याशिवाय तो मिळतच नाही. मीनलचे गुडघे वाकले. आणि पाटीतले चेंडू घेऊन, नऊवारीचा काष्टा खोचून जाळीपलीकडे तू उभी राहायचीस. "एका जागी टाक, सरू, एका जागी! ती मारायला शिकते आहे!" असे मी बांधावरून ओरडायचो. तुझा एक चेंडू या टोकाला, दुसरा त्या टोकाला. पोर जीव खाऊन पळायची आणि तुझा चेहरा असा, की जणू पाखडायला बसली आहेस.

मग ते वर्ष आले. अशोकच्या कंपनीने माणसे कमी केली, कॉलनीतले घर सोडावे लागले आणि सगळे गावी आले. कॉलनी गेली तसे तिथले कोर्टही गेले. मीनल बारावीला. तिला कोणीतरी सांगितले होते, की अमेरिकेतली कॉलेजे चांगल्या खेळाडूंना आपल्या संघासाठी निवडतात. फी, राहणे, जेवण सगळे कॉलेजच बघते. ती मंचरच्या सायबर कॅफेत बसून तिथल्या कोच लोकांना ईमेल पाठवू लागली. बहुतेकांनी उत्तर दिले नाही. मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या एका लहानशा कॉलेजच्या कोचने दिले: 'खेळाची व्हिडिओ टेप पाठव. लवकर पाठव.' तिच्यापुढे एवढा एकच दरवाजा किलकिला झाला होता. तो लागला असता तर जवळच्या कॉलेजात नाव, वर्षभरात कांदेपोह्याचे कार्यक्रम, आणि रॅकेट माळ्यावर.

शूटिंग कोण करणार? आळेफाट्याचा तो लग्नाची शूटिंग काढणारा. त्याने मोठा दिवा आणला, छत्री आणली, आणि सवयीने आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना ओळीत उभे केले. मग मीनलला म्हणाला, "ताई, जरा खाली बघा, मंग हळूच वर बघा. हां, आता मारा!" पोर रडकुंडीला आली. मी त्याला हाकलणारच होतो, तेवढ्यात तू म्हणालीस, "आरं बाबा, तिला नवरी करू नगंस. पळताना घे तिला. पायापासून घे." तो लगेच म्हणाला, "बरं, आजी." माझे त्याने काहीच ऐकले नव्हते.

आणि मग आपले जुंपले. मी पुण्याहून पांढरे बूट आणले होते. खळे बाजरीसाठी नुकतेच सारवलेले.

"अगं, परदेशातला माणूस बघणार आहे! अनवाणी पोर दिसली तर तो माझ्याविषयी काय म्हणेल?"

"त्यो तुमाला कुठं घेऊन चाललाय?"

"सरू, आजच्या दिवस!"

"आज न्हाई आन् उंद्या न्हाई. त्येला सांगा, खळं हाय."

तू पाटी घेऊन जाळीपाशी जाऊन उभी राहिलीस. बूट माझ्या हातात राहिले. त्या टेपेवर सुरुवातीला काही क्षण मी बूट धरून उभा दिसतो, हे लोकांच्या गरिबीच्या कथेला माझे उत्तर आहे.

टेप तयार होऊन आली तेव्हा मीनलच्या बॅकहँडवर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या आणि मागे सनई वाजत होती. पोर तोंडावर हात घेऊन बसली. "आसू दे गं, शुब आसतंय," तू म्हणालीस. पुण्याला जाऊन ती अमेरिकेच्या यंत्रावर चालेल अशी करून घेतली आणि पाठवून दिली. त्यानंतर घरात कोणी त्या विषयावर बोलेना. पोस्टमन दिसला, की मीनल आत जायची.

फोन आला तो सकाळी, तू धार काढून येत होतीस तेव्हा. मी उचलला. पलीकडून इंग्रजी ऐकू आले आणि मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. आठवते तुला? माझ्या कोपराला धरून तू एकच धोशा लावला होतास, "काय म्हंतोय? अवो, काय म्हंतोय?"

तो कोच म्हणाला, की माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या टेपा सारख्याच असतात. चेंडू एका जागी येतो, मूल सुंदर फटका मारते, आणि त्यावरून मला काहीही कळत नाही. तुमच्या टेपेत चेंडू दोनदा एका जागी आला नाही. ही मुलगी कशी पळते ते मला दिसले. मला ती हवी आहे. जाळीपलीकडे ती बाई कोण आहे?

"माझी पत्नी," मी म्हणालो. आयुष्यात इतक्या मोठ्याने मी ते कधी म्हटले नसेल.

त्याने विचारले, मुलगी अनवाणी का खेळते? मी तुझ्याकडे पाहिले. "सांगा, धान्याची जागा हाय," तू म्हणालीस. मी सांगितले. तो म्हणाला, की आमच्याकडे मात्र बूट लागतील. तुला भाषांतर करून सांगितले, तर तू दुधाचे भांडे खाली ठेवून इतकी हसलीस, की शेजारची बाई कुंपणावरून विचारू लागली, "काय गं, कुनाचं ठरलं?" आणि मीनल! पोर ओसरीवरून थेट खळ्यावर गेली आणि तिथे गोल गोल धावत सुटली, रॅकेट नाही, चेंडू नाही, काही नाही.

त्या दिवसापासून आपला वाद सुरू झाला. मी: "तुझा नेम नव्हता म्हणून पोरीचे भाग्य उघडले. चुकून!" तू: "तुमाला काय वाटतं?" मी चिडायचो. "मला काय वाटते ते सोड. मुद्दाम टाकत होतीस का? हो की नाही?" तू पदर सावरून उठायचीस. "चा टाकू का?" मीनलची कॉलेजची वर्षे संपली, तिथेच तिला संघाच्या साहाय्यक कोचचे काम मिळाले, जगभरातून येणाऱ्या टेपा आता ती बघते, आणि तुझे उत्तर तेच. शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यातून घरी आणल्यावरही, मी एकदा विचारले होते. तू डोळे मिटूनच हसलीस. त्या हसण्याचा अर्थ लावण्यात माझी इतिहासाची सगळी विद्या हरली.

घाटावरून घरी आल्यावर अशोकने मला बाजूला घेतले. "दादा, लोकांपुढं कशाला? आईचा खांदा धरला व्हता. हात वर जात नव्हता तिचा. पडंल तिथं पडायचा चेंडू. मुद्दाम कशाचं?" खांदा धरला होता हे खरे. मी त्याला गप्प बसवले, पण सरू, त्या क्षणापासून मला चैन पडेना. मी भर घाटावर तुझ्या नावाने एक गोष्ट सांगितली होती. ती खोटी असेल, तर सरपंच खरे ठरत होते आणि तू भोळी माउली ठरत होतीस.

मीनल नवव्या दिवशी पोहोचली होती. तिला विचारणे सोपे होते, पण मी विचारले नाही. समजा, ती अशोकसारखेच बोलली असती तर?

काल तेरावा झाला. मांडववाल्यांना मी खळ्यात एक खुंटी ठोकू दिली नाही. यंदाही ते तूच उभे राहून सारवून घेतले होतेस. तुझ्या हाताचे शेवटचे खळे. आज सकाळी मीनल रॅकेट घेऊन बाहेर आली. उद्या तिचे विमान आहे. खळ्याच्या कडेला थांबून तिने न सांगता बूट काढले, मोजे त्यांत खुपसले आणि म्हणाली, "आबा, टाका चार."

मी तुझी पाटी घेतली आणि मास्तराने टाकावेत तसे चेंडू टाकले. एका जागी, एका उंचीने, शिस्तीत. तिने तीन-चार मारले आणि रॅकेट खाली केली.

"आबा, असं नाय. आजीसारखं टाका."

माझ्या हातातला चेंडू हातातच राहिला. "आजीसारखे म्हणजे? वेडेवाकडे?"

"वेडेवाकडे?" ती अशी हसली, की क्षणभर मला वाटले दुधाचे भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला. "आबा, आजी माझ्या पायांकडं बघायची. चेंडूकडं तिनं कधी बघितलंच नाही. डावा पाय टेकला की उजवीकडं, उजवा टेकला की डावीकडं. पाय जिथं नसतील तिथं. मी पाय बदलून बघायचे, फसवून बघायचे, ती फसायचीच नाही. मी तिला म्हटलं होतं, आजी, तुला कसं कळतं गं? तर म्हणाली, 'बुटात पाय लबाडी करत्यात. बोटं दिसली, की मानूस कुनीकडं निगालंय त्ये कळतंय.'"

सरू! म्हणजे खळ्याचा तुझा नियम खरा होता आणि त्या नियमाआड तू आणखी एक डाव खेळत होतीस! मी तुला सबंध विंबल्डन शिकवले आणि तू माझ्याच अंगणात, माझ्या डोळ्यांदेखत, मला सरळ सेटमध्ये हरवलेस!

"अशोक!" मी ओरडलो. "बाहेर ये! आधी बाहेर ये! सरपंचांना फोन लाव!"

"आबा, आबा, थांबा ना," मीनल डोळे पुसत हसत होती. "अजून एक ऐका. मी तिला म्हटलं होतं, आबा एवढं विचारतात, सांगून टाक की एकदा. तर म्हणाली, 'नगं. त्येंना भांडायला काय तरी ऱ्हाऊ दे. गप बसलं की त्यो मानूस म्हातारा दिसतो.'"

मग मला बोलावेच लागले, नाहीतर तुझे म्हणणे खरे ठरले असते. "घे, तयार हो," मी मीनलला म्हणालो.

पाटीतला चेंडू उचलला. आयुष्यात प्रथमच मी खेळाडूच्या हातांकडे न बघता पायांकडे बघितले. शेणाच्या त्या हिरवट जमिनीवर तिची बोटे स्पष्ट दिसत होती. डावा पाय टेकला. मी उजवीकडे टाकला, साऱ्या ताकदीनिशी टाकला. तो कोर्ट ओलांडून, एके काळच्या राखेच्या रेषेपलीकडे, थेट बाजरीच्या सरमाडाच्या गंजीत जाऊन पडला. आणि मीनल त्याच्यामागे धावत सुटली, अनवाणी, जीव खाऊन, मोठमोठ्याने हसत.

हा मात्र चुकून गेला, सरू.